दूरशिक्षणातील संमंत्रक : पत्रद्वारा अभ्यासक्रमांपासून नवी मुंबईतील टाळेबंदीपर्यंत

१

मार्च २०२०च्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. पुढे काही आठवड्यांतच ‘ऑनलाइन वर्ग’ हा शब्दप्रयोग घरोघर रूढ झाला. या घटनेविषयी त्या वेळी व त्यानंतर पुष्कळ लिहिले गेले. परंतु त्या लेखनात एक समजूत वारंवार आढळते. ती अशी की, दूर राहून शिकणे व शिकविणे ही गोष्ट महाराष्ट्राला सर्वस्वी नवी होती, त्यामुळे विद्यार्थी आणि शिक्षक यांची जी ओढाताण झाली ती अटळ होती. इतिहासाकडे पाहता ही समजूत टिकत नाही. मुंबई विद्यापीठात दूर राहून शिकण्याची व्यवस्था १९७१पासून होती आणि नाशिक येथे त्याच कार्यासाठी एक स्वतंत्र विद्यापीठ १९८९पासून उभे होते. म्हणजे अनुभव गाठीशी होता. तो अनुभव नेमका कशाचा होता आणि २०२०मध्ये त्यातील कोणता भाग हाती घेतला गेला व कोणता मागे राहिला, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे. त्यासाठी यंत्रांच्या इतिहासापेक्षा या व्यवस्थेत रुजलेल्या शब्दांचा इतिहास अधिक उपयोगी पडेल असे दिसते. एखादी संस्था स्वतःच्या कार्याला जे नाव देते, त्यावरून ती कशाकडे लक्ष देते आणि कशाकडे देत नाही हे पुष्कळदा कळून येते.

२

टपालाने शिकविण्याचा आरंभ सामान्यतः इंग्लंडमधील आयझॅक पिटमन याच्यापासून मानला जातो. १८४० साली एक पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी पिटमनने लघुलेखनाचे धडे टपालाने देण्यास सुरुवात केली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, धडा पाठविला म्हणजे त्याचे काम संपत नसे. विद्यार्थ्याने उतरवून पाठविलेला मजकूर तपासून, दुरुस्त करून परत करणे हा त्या पद्धतीचा गाभा होता. पत्र जाणे आणि पत्र येणे या दोन्ही क्रिया मिळूनच शिक्षण होत असे.

१८५८मध्ये लंडन विद्यापीठाने महाविद्यालयात न गेलेल्यांनाही आपल्या परीक्षा खुल्या केल्या. आदल्या वर्षी त्याच विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने मात्र संलग्न महाविद्यालयातील उपस्थितीवर भर दिला. मराठीत ‘टर्म भरणे’ हा जो वाक्प्रचार रूढ झाला, तो या व्यवस्थेचे अपत्य होय. विद्यार्थ्याला किती आले हा प्रश्न परीक्षेचा; तो वर्गात किती दिवस बसला हा प्रश्न टर्मचा. वर्गात बसणे हे शिक्षणाचे प्रमाण ठरल्यामुळे वर्गाबाहेर शिकणाऱ्याला ‘बहिःस्थ’ हे नाव मिळाले, आणि त्या नावातच त्याचे स्थान स्पष्ट झाले. तो परीक्षेला आत येई, शिक्षणाला बाहेर राही.

३

स्वातंत्र्यानंतर या बहिःस्थ विद्यार्थ्याचा विचार गांभीर्याने होऊ लागला. १९६१मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाने पत्रद्वारा अभ्यासक्रमांची शिफारस केली, डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची रूपरेषा आखली आणि १९६२मध्ये दिल्ली विद्यापीठाने प्रयोग सुरू केला. पुढे १९६४-६६च्या शिक्षण आयोगाने, ज्याचे अध्यक्षही कोठारीच होते, उच्च शिक्षणातील एकूण विद्यार्थ्यांपैकी निदान एक-तृतीयांश विद्यार्थी १९८६पर्यंत पत्रद्वारा आणि सायंकालीन अभ्यासक्रमांत असावेत असे सुचविले. त्याच आयोगाने पत्रद्वारा शिकणाऱ्यांना अधूनमधून शिक्षकांची प्रत्यक्ष भेट मिळावी असेही म्हटले होते. पहिली शिफारस संख्येची होती, दुसरी संबंधाची. पहिली सर्वांच्या लक्षात राहिली.

मुंबई विद्यापीठाने १९७१मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम संचालनालय स्थापन केले. गिरण्या, बँका, सरकारी कचेऱ्या यांत काम करणाऱ्या, तसेच विवाहानंतर शिक्षण सुटलेल्या कित्येकांना त्यामुळे पदवीचा मार्ग मोकळा झाला. या संस्थेची नावे कालक्रमाने पाहणे उद्बोधक आहे. आरंभीचे नाव ‘पत्रद्वारा’ या साधनावरून पडले. पुढे ‘दूर व मुक्त अध्ययन संस्था’ हे नाव आले. यात साधनाचा उल्लेख गेला; ‘दूर’ या शब्दाने शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील अंतर मान्य केले, ‘मुक्त’ या शब्दाने प्रवेशाच्या अटी सैल केल्या, आणि ‘अध्ययन’ या शब्दाने शिकविणाऱ्याऐवजी शिकणाऱ्याला केंद्रस्थानी आणले. २०२४मध्ये संस्थेचे नाव ‘दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र’ असे झाले, म्हणजे साधन पुन्हा नावात आले आणि ‘अध्ययना’च्या जागी ‘शिक्षण’ बसले. ही नावे राष्ट्रीय धोरणाबरोबर बदलत गेली हे खरे; परंतु धोरणांनाही शब्दांची निवड करावीच लागते.

पत्रद्वारा शिक्षणाचे दोषही झाकून ठेवण्याचे कारण नाही. छापील टिपणे उशिरा पोचणे, स्वाध्याय तपासून परत न येणे, संपर्कवर्गांना परीक्षेच्या तोंडावरच गर्दी होणे या तक्रारी या पद्धतीबरोबर सर्वत्र वाढल्या. त्यांचे मूळ एकच होते. जाणारे पत्र नियमित झाले, येणारे पत्र दुर्लक्षित राहिले. पिटमनची पद्धत अर्धीच उचलली गेली.

४

१ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. राम ताकवले हे त्याचे संस्थापक कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. बारावी उत्तीर्ण नसलेल्यांनाही पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमाद्वारे पदवीकडे जाता येईल अशी सोय या विद्यापीठाने केली, आणि त्यामुळे मध्येच शाळा सुटलेल्या असंख्य माणसांशी विद्यापीठाचा प्रथमच संबंध आला. अशा विद्यार्थ्याला केवळ पुस्तक पाठवून भागत नाही, हे उघड होते. म्हणून पुस्तकाची रचनाच बदलण्यात आली. मजकुराचे घटक पाडले, घटकाच्या आरंभी उद्दिष्टे आणि मध्ये स्वतः सोडवावयाचे प्रश्न घातले. स्वीडिश शिक्षणतज्ज्ञ बोर्ये होल्मबर्ग यांनी दूरशिक्षणाच्या पाठ्यसाहित्याने विद्यार्थ्याशी संवाद साधला पाहिजे, असे जे प्रतिपादन केले होते, त्याच वळणाची ही रचना होती.

तथापि या विद्यापीठाने मराठीला दिलेला सर्वांत अर्थपूर्ण शब्द पुस्तकातला नाही, तो अभ्यासकेंद्रातला आहे. स्थानिक महाविद्यालयात किंवा संस्थेत चालणाऱ्या अभ्यासकेंद्रावर ठराविक दिवशी विद्यार्थ्यांना भेटणाऱ्या शिक्षकाला तेथे ‘संमंत्रक’ म्हणतात आणि त्या भेटीला ‘संमंत्रण’. सल्ला देणाऱ्यासाठी मराठीत ‘समुपदेशक’ हा शब्दही प्रचलित आहे. पण दोहोंच्या घडणीत फरक आहे. ‘उपदेश’ या शब्दात दाखवून देणे आहे; दाखविणारा एक, पाहणारा दुसरा. ‘संमंत्रण’ या शब्दात एकत्र बसून विचार करणे आहे. विद्यार्थ्याने पुस्तक घरी वाचून यावे, अडलेले सांगावे, आणि दोघांनी मिळून ते सोडवावे, ही कल्पना त्या एका शब्दात सामावली आहे. प्रत्यक्षात पुष्कळ केंद्रांवर संमंत्रणाचे तासही व्याख्यानाचेच तास झाले असतील. तरीही व्यवस्थेत त्या माणसाला नाव होते, वेळ ठरलेली होती आणि कामाचे मानधन होते. दूरशिक्षणाचा खर्च केवळ छपाई व टपाल यांचा नसून माणसाचाही असतो, हे त्या तरतुदीने मान्य केले होते.

५

साथीच्या रोगामुळे शाळा बंद पडून दूरून शिकविण्याचा प्रसंगही जगाला नवा नव्हता. १९३७च्या शरद ऋतूत अमेरिकेतील शिकागो शहरात पोलिओच्या साथीमुळे शाळा उघडणे लांबले. तेव्हा तेथील शाळा-प्रशासनाने तिसरी ते आठवीच्या सुमारे सव्वातीन लाख मुलांसाठी नभोवाणीवरून पाठ प्रसारित केले. वर्तमानपत्रे दररोजचे वेळापत्रक व प्रश्न छापीत. पालकांच्या शंकांसाठी दूरध्वनीवर शिक्षक बसविण्यात आले आणि विचारणाऱ्यांची गर्दी एवढी झाली की त्यांची संख्या वाढवावी लागली. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता किंवा आवाज नीट येत नव्हता, त्यांचे काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. पाठ रेडिओने दिला; पण तो पोचला की नाही हे दूरध्वनीवर बसलेल्या शिक्षकालाच कळले. त्र्याऐंशी वर्षांनी नवी मुंबईत जे घडले, त्याच्याशी याची तुलना करता येते.

६

नवी मुंबई हे नियोजित शहर आहे. १९७०मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर त्याची आखणी केली. नवी मुंबई महानगरपालिका १९९२पासून कार्यरत आहे आणि दक्षिणेस पनवेल महानगरपालिका २०१६मध्ये झाली. आखणीत विभाग सारखे असले तरी वस्ती सारखी नाही. वाशी-नेरुळच्या सोसायट्या, आगरी-कोळी समाजाची मूळ गावठाणे, दिघा ते तुर्भे औद्योगिक पट्ट्यालगतच्या झोपडवस्त्या, आणि कोपरखैरणे-घणसोली भागातील माथाडी कामगारांची घरे ही या शहराची चार निरनिराळी अंगे होत. घरात आगरी, सातारी-सांगली वळणाची मराठी, भोजपुरी, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुले येथे शेजारी राहतात. वाशीच्या रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालयासारख्या संस्थांतील वर्गात ही सर्व अंगे एका बाकावर येऊ शकतात. वर्ग बंद झाला तेव्हा हा बाकच नाहीसा झाला, आणि प्रत्येक विद्यार्थी आपापल्या घराच्या स्थितीत परत गेला.

साधनांच्या दृष्टीने पाहता याहून अनुकूल शहर देशात क्वचितच सापडले असते. ज्या जिओ सेवेने ५ सप्टेंबर २०१६पासून इंटरनेट स्वस्त केले, तिचा कारभार घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून चालतो. ऐरोली-महापे पट्ट्यात माहिती-तंत्रज्ञानाची संकुले आहेत. जुलै २०२०मध्ये, म्हणजे ऐन साथीत, पनवेलजवळ योट्टा कंपनीचे विशाल डेटा सेंटर कार्यान्वित झाले. परंतु तार दाराशी असणे आणि ती घरात असणे यांत अंतर असते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८च्या ७५व्या फेरीनुसार देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती; शहरी भागात हे प्रमाण ४२ टक्के होते. संगणक तर अवघ्या ११ टक्क्यांच्या आसपास कुटुंबांत होता. ज्या घरात एकच फोन होता आणि तो घेऊन वडील कामावर जात, त्या घरातील मुलाचा वर्ग वडील परतल्यावर सुरू होई, म्हणजे वर्ग संपल्यानंतर.

११ ते १७ मे २०२० या आठवड्यात वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे बाजार संसर्गामुळे बंद ठेवावे लागले. ज्यांची रोजची मिळकत त्या बाजारावर होती, त्या घरांत डेटाचे रिचार्ज हा खर्चाचा विषय झाला. गावी गेलेल्या विद्यार्थ्यांना डोंगरउतारावर किंवा घराच्या पत्र्यावर जाऊन नेटवर्क शोधावे लागले. शिक्षकांची स्थितीही निराळी नव्हती. शाळांतील अनेक शिक्षकांना साथीच्या सर्वेक्षणाचे काम लागले. महाविद्यालयीन शिक्षकांनी स्वतःचा फोन, स्वतःचे इंटरनेट आणि स्वतःच्या घरातील एक कोपरा यांच्या बळावर वर्ग चालू ठेवले. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकांचे मानधन तासावर अवलंबून असते. रात्री दहा वाजता एखादी विद्यार्थिनी फोन करून ‘सर, घरी फार कठीण झालंय’ असे सांगते, तेव्हा तो अर्धा तास कोणत्या नोंदवहीत लिहावयाचा, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

परीक्षांनी हा गोंधळ वाढविला. महाराष्ट्र शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरविले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी त्या घेण्याचा आग्रह धरला. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा आवश्यक असल्याचा निर्णय दिला. मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात ऑनलाइन झाल्या. त्याच महिन्याच्या आरंभी दूर व मुक्त अध्ययन संस्थेच्या ऑनलाइन परीक्षा यंत्रणेतील बिघाडामुळे पुढे ढकलाव्या लागल्या. दूर राहून शिकविण्याचा जवळजवळ पन्नास वर्षांचा अनुभव असलेली संस्थाही नव्या साधनापुढे नवखीच ठरली, कारण तिचा अनुभव साधनाचा नव्हताच. तो विद्यार्थ्याच्या परिस्थितीचा होता, आणि ती विद्या नियमित महाविद्यालयांना कामी आली असती. तशी देवाणघेवाण व्यवस्था म्हणून उभी राहिली नाही. ‘टर्म भरणे’ आणि ‘बहिःस्थ’ या दोन शब्दांमधील जुनी भिंत येथेही आड आली.

७

मार्च २०२०च्या अखेरीस अमेरिकेतील काही शिक्षणतज्ज्ञांनी आणीबाणीतील दूरून अध्यापन आणि विचारपूर्वक रचलेले ऑनलाइन शिक्षण यांत भेद केला पाहिजे असे मांडले. हा भेद उपयुक्त आहे. पण तो वर्गातील बोलण्यात नेमका कसा प्रकट झाला हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम होय.

ऑनलाइन वर्गाचे मराठीतील पहिले वाक्य सर्वत्र एकच होते : ‘माझा आवाज येतोय का?’ रोमान याकबसन यांनी १९६०मध्ये भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांपैकी संपर्काचा मार्ग चालू आहे की नाही हे तपासण्याचे कार्य या वाक्यात शुद्ध रूपाने दिसते. परंतु ही कल्पना याकबसन यांनी ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांच्याकडून घेतली होती, आणि १९२३च्या मूळ मांडणीत तिचा अर्थ अधिक व्यापक होता. माणसे हवापाण्याविषयी, जेवणाखाणाविषयी जे बोलतात, त्यातून माहिती दिली जात नाही, नाते राखले जाते, असे मालिनोव्स्की यांचे म्हणणे होते. ‘जेवलीस का?’, ‘आई बरी आहे ना?’, ‘परवा दिसला नाहीस’ ही वाक्ये त्या प्रकारची. प्रत्यक्ष वर्गाच्या दारात, जिन्यात, उपाहारगृहात ती सहज बोलली जात, आणि विद्यार्थी अडचणीत आहे हे शिक्षकाला बहुधा तेथेच कळे.

ऑनलाइन वर्गात संपर्काचे बोलणे भरपूर होते, पण ते याकबसन यांच्या अर्थाचे. ‘स्क्रीन दिसतेय का?’, ‘म्यूट करा’, ‘सर, आवाज तुटतोय’. मालिनोव्स्की यांच्या अर्थाचे बोलणे मात्र जवळजवळ नाहीसे झाले. कॅमेरे बंद असत. डेटा वाचावा म्हणून, आणि पुष्कळदा पाठीमागचे घर दिसू नये म्हणूनही. शिक्षकाच्या ‘समजलं का?’ या प्रश्नाला वर्गात मिळणारा ‘हं’, मान हलविणे किंवा चुळबूळ यांतील काहीच परत येत नसे. येणारे पत्र पुन्हा एकदा हरवले. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी दाखविल्याप्रमाणे शिक्षणातील खरे अंतर मैलांचे नसून संवादाच्या अभावाचे असते. ते अंतर वाशी ते कोपरखैरणे एवढ्यातही मावू शकते, हे त्या वर्षी दिसले.

८

याच काळात महाराष्ट्रात जे प्रयत्न लोकांच्या स्मरणात राहिले, त्यांचे स्वरूप याच संदर्भात पाहण्याजोगे आहे. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांत दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालविली. ध्वनिमुद्रित पाठ ध्वनिक्षेपकावरून ऐकविले जात आणि कार्यकर्ते गावोगाव ते यंत्र घेऊन फिरत. सोलापूरच्या नीलमनगर भागात यंत्रमाग कामगारांच्या मुलांसाठी आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतील घरांच्या भिंतींवर पाठ रंगविले. २० जुलै २०२०पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. त्याच महिन्यात केंद्र शासनाने ‘मनोदर्पण’ हा मानसिक आधाराचा उपक्रम आरंभिला आणि त्यात विद्यार्थ्यांबरोबर शिक्षक व कुटुंबीय यांचाही समावेश केला. यांतील साधने जुनी आहेत : कर्णा, भिंत, दूरचित्रवाणी, दूरध्वनी. ज्या उपक्रमांत साधनाबरोबर वस्तीपर्यंत जाणारे माणूस होते, तेथे शिकणाऱ्याचे उत्तर परत येण्यास वाट राहिली.

नवी मुंबईतही असे माणूस होते, पण ते व्यवस्थेने नेमलेले नव्हते. यादी घेऊन न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांना एकेक फोन करणारा शिक्षक, वर्गमैत्रिणीला टिपणांचे फोटो पाठविणारी विद्यार्थिनी, शुल्काची अडचण असलेल्याला थांबून उत्तर देणारा कचेरीतील लिपिक, हे सर्व त्या काळचे संमंत्रकच होते. त्यांना ते नाव नव्हते, वेळ नव्हता आणि मानधनही नव्हते. जे काम नाशिकच्या विद्यापीठाने तीन दशकांपूर्वी पद म्हणून ओळखले, ते २०२०मध्ये सौजन्य म्हणून पार पडले. सौजन्य हा मोठा गुण असला तरी ती व्यवस्था नव्हे. ज्याच्या वाट्याला सुजन शिक्षक आला तो विद्यार्थी तरला. ज्याच्या वाट्याला आला नाही, किंवा ज्याचा शिक्षक स्वतःच आजारी, शोकग्रस्त वा बिनपगारी होता, त्याची नोंद कोठेही राहिली नाही.

९

महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ला उघडण्यास परवानगी मिळाली, दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि २० ऑक्टोबर २०२१पासून पुन्हा उघडली. वर्ग भरू लागले, तेव्हा हा प्रश्न मिटला असे वाटले. परंतु मे २०२१मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाने एखाद्या विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडलेली आहे. म्हणजे दूरून शिकणे हे आता बहिःस्थ विद्यार्थ्यापुरते राहणार नाही; प्रत्येक विद्यार्थी काही अंशी बहिःस्थ होणार आहे.

अशा वेळी या इतिहासातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. १८४०च्या टपालापासून २०२०च्या पडद्यापर्यंत साधने बदलली. दूरशिक्षण जेथे यशस्वी झाले तेथे विद्यार्थ्याकडून येणारे उत्तर ऐकण्यासाठी माणूस बसविलेला होता, आणि जेथे फसले तेथे त्याची जागा रिकामी होती. त्या माणसाच्या कामाचे तास कार्यभारात धरले गेले, ते तासिकेवरील शिक्षकाच्याही मानधनात आले, आणि नियमित महाविद्यालयांनी मुक्त विद्यापीठाचा अनुभव परका न मानता उचलला, तरच २०२०च्या ओढाताणीची पुनरावृत्ती टळेल. मराठीने त्यासाठीचा शब्द पूर्वीच घडविलेला आहे. त्या शब्दाला महाविद्यालयाच्या वेळापत्रकात जागा देणे एवढेच उरले आहे.